पटकथेचे तीन अंक

गोव्यातील गावोगावच्या देवळांत जत्रा-उत्सवांच्या रात्री मराठी नाटके करण्याची परंपरा जुनी आहे. त्यामुळे ‘तीन अंकी नाटक’ हा शब्दप्रयोग येथील ग्रामस्थांना नवा नाही. पडदा पडला की अंक संपला, हे लहान मुलासही समजते. चित्रपटात असा पडदा पडत नाही. तरीही बहुतेक पटकथांच्या पोटात तीन अंक दडलेले असतात आणि एखादी कथा मनाची पकड का घेते, याचे उत्तर पुष्कळदा त्या रचनेतच सापडते.

कथेला आदि, मध्य आणि अंत असावा, हा विचार ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटल याने ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकात मांडला. आपल्याकडे भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात मुख, प्रतिमुख, गर्भ, विमर्श आणि निर्वहण असे कथानकाचे पाच संधी सांगितले आहेत. चित्रपटापुरता हा विचार अमेरिकन लेखक सिड फील्ड यांनी १९७९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात आखीव स्वरूपात मांडला. पटकथेचे एक पान म्हणजे पडद्यावरील सुमारे एक मिनिट असे धरून, १२० पानांच्या पटकथेत पहिल्या अंकास ३०, दुसऱ्यास ६० आणि तिसऱ्यास ३० पाने, असे त्यांचे गणित होते. परंतु रचना पुस्तकाच्या आधीची आहे. बिमल रॉय यांनी १९५३ साली दिग्दर्शित केलेला ‘दो बिघा जमीन’ हा हिंदी चित्रपट त्याचे उत्तम उदाहरण होय. सलिल चौधरी यांच्या कथेवरून हृषीकेश मुखर्जी यांनी त्याची पटकथा लिहिली.

पहिला अंक : प्रश्न उभा राहतो

पहिल्या अंकात माणसे, त्यांचे जग आणि त्या जगावर आलेले संकट यांची ओळख होते. शंभू महतो हा गरीब शेतकरी. पत्नी, मुलगा आणि वृद्ध पिता हा त्याचा संसार, आणि दोन बिघे जमीन हा त्या संसाराचा आधार. जमीनदाराला तेथे गिरणी उभारावयाची आहे आणि शंभूची जमीन नेमकी मधोमध येते. शंभू ती विकण्यास नकार देतो. तेव्हा जमीनदार कर्जाची फेड मागतो. शंभूच्या हिशेबाने कर्ज ६५ रुपयांचे. घरातील चीजवस्तू विकून तो पैसे उभे करतो, पण खोट्या हिशेबाच्या वहीत २३५ रुपये निघतात. भरलेल्या पैशांची पावती त्याच्याजवळ नाही. न्यायालय तीन महिन्यांची मुदत देते.

येथे पहिला अंक संपतो. पैसे मिळवण्यासाठी शंभू कलकत्त्याची वाट धरतो आणि त्याला परत फिरता येत नाही. अंक बदलतो तो असा, मागचे दार बंद झाल्याने. प्रेक्षकाच्या मनात आता एकच प्रश्न उरतो : तीन महिन्यांत जमीन सुटेल काय?

दुसरा अंक : अडचणी वाढत जातात

दुसरा अंक सर्वांत मोठा आणि लिहिण्यास सर्वांत कठीण. नुसते प्रसंग एकापुढे एक ठेवल्यास कथा रेंगाळते. प्रत्येक प्रसंग मागच्या प्रसंगातून उपजावा लागतो. दोन प्रसंगांमध्ये ‘नंतर’ हा शब्द बसत असेल तर रचना सैल आहे, ‘म्हणून’ किंवा ‘परंतु’ बसत असेल तर ती घट्ट आहे, असे ओळखावे.

शंभू शहरात येतो, परंतु पहिल्याच रात्री सामान चोरीस जाते, म्हणून तो हातरिक्षा ओढू लागतो. मुलगा बूटपॉलिश करतो. पैसा साठू लागतो, परंतु रिक्षा भरधाव ओढताना चाक निखळते आणि शंभू जखमी होतो. म्हणून मुलगा वाममार्गाकडे वळतो. काळजीने व्याकूळ झालेली पत्नी शहरात येते आणि मोटारीखाली सापडते. जखमी स्त्रीला नेण्यासाठी हाक मारली जाते ती नेमकी शंभूलाच. साठवलेला सारा पैसा तिच्या उपचारावर खर्च होतो. जमिनीसाठी मिळवलेला पैसा जमिनीला उपयोगी पडत नाही. दुसऱ्या अंकाचा हा तळ.

तिसरा अंक : उत्तर मिळते

तिसऱ्या अंकाने पहिल्या अंकातील प्रश्नाचे उत्तर द्यावयाचे असते. ते सुखाचेच असावे असा नियम नाही. कुटुंब गावी परतते तेव्हा जमिनीचा लिलाव झालेला असतो आणि तेथे कारखाना उभा राहत असतो. शंभू आपल्या जमिनीची मूठभर माती उचलू पाहतो, पण पहारेकरी तीही नेऊ देत नाही. दोन बिघ्यांनी सुरू झालेली कथा मूठभर मातीवर संपते. शंभूने प्रयत्नांत कसूर केली नाही हे आपण पाहिलेले असते, म्हणूनच तो पराभव मनाला झोंबतो. १९५४ साली कान महोत्सवात या चित्रपटाचा गौरव झाला.

भारतीय चित्रपटगृहांत मध्यंतर असते. त्यामुळे आपल्या पटकथाकाराला तीन अंकांबरोबर मध्यावरच्या वळणाचाही विचार करावा लागतो. तसेच ही रचना म्हणजे अटळ कायदा नव्हे, तिच्याबाहेरही उत्तम चित्रपट झालेले आहेत. घराला वासे लागतात, पण वासे म्हणजे घर नव्हे.

शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी नाटिका बसविणाऱ्या शिक्षकांनी आणि उत्सवासाठी नाटक निवडणाऱ्या मंडळांनी संहिता हाती घेताना तीन गोष्टी पडताळून पाहाव्यात : पात्राला काय हवे आहे, ते मिळवण्याच्या आड काय येते, आणि शेवटी त्या पहिल्याच प्रश्नाचे उत्तर मिळते काय. या तिन्हींची उत्तरे सरळ देता आली, तर संहितेचा पाया पक्का आहे असे समजण्यास हरकत नाही.