दिनक्रम मोडतो तेव्हा मधुमेहाची काळजी

दीर्घकालीन आजारात डॉक्टरांच्या दोन भेटींमधल्या काळात रुग्ण स्वतःची जी काळजी घेतो, तिला वैद्यकशास्त्रात स्वकाळजी म्हणतात. ती बहुतांशी सवयीच्या बळावर चालते, आणि सवय माणसाच्या निश्चयापेक्षा त्याच्या भोवतालाला अधिक बांधलेली असते. सकाळच्या चहाआधी घ्यायची गोळी आठवते ती चहाचे आधण ठेवल्यामुळे, आणि इन्सुलिनची आठवण जेवणाचे ताट वाढले जाताना होते. मानसशास्त्रज्ञ अशा खुणांना संदर्भसंकेत म्हणतात. वेंडी वूड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका विद्यापीठातून दुसऱ्या विद्यापीठात गेलेल्या विद्यार्थ्यांचा अभ्यास करून 2005 मध्ये असे दाखवले की, जिथे भोवताल पूर्वीसारखा राहिला तिथे व्यायामासारख्या सवयी टिकल्या आणि जिथे तो बदलला तिथे त्यांची स्वयंचलित पकड सुटली. म्हणूनच घर सोडावे लागलेल्या रुग्णाची औषधे चुकू लागली की त्याच्यावर निष्काळजीपणाचा ठपका ठेवणे अन्यायाचे आहे. त्याच्याजवळचे संकेतच नाहीसे झालेले असतात.

ऑगस्ट 2019 मध्ये कृष्णा आणि पंचगंगा यांच्या महापुरामुळे सांगली-कोल्हापूर भागातील लाखो लोकांना शाळा, मंगल कार्यालये आणि नातेवाइकांची घरे गाठावी लागली. अशा प्रसंगी इन्सुलिन घेणाऱ्या मधुमेहीपुढे पहिला प्रश्न येतो तो फ्रिजचा. न उघडलेले इन्सुलिन 2 ते 8 अंश सेल्सिअस तापमानात ठेवावे, आणि वापरात असलेली बाटली किंवा पेन प्रकारानुसार सुमारे चार आठवडे 25 ते 30 अंशांपर्यंतच्या खोलीच्या तापमानात चालते, असा सर्वसाधारण नियम आहे. वीज गेली की औषध वाया गेले, असे समजून डोस थांबवणारे रुग्ण मात्र खरा धोका ओढवून घेतात, कारण पहिल्या प्रकारच्या मधुमेहात इन्सुलिन पूर्ण बंद झाल्यास रक्तात आम्ले साचून एक-दोन दिवसांतच जीव धोक्यात येऊ शकतो. केनियातील दादाब निर्वासित छावणीतील तापमानाच्या नोंदींच्या आधारे, सीमारहित डॉक्टर ही संघटना आणि जिनिव्हा विद्यापीठ यांनी केलेली चाचणी 2021 मध्ये प्रसिद्ध झाली. तीत 25 ते 37 अंशांच्या दरम्यान चार आठवडे वरखाली होणाऱ्या तापमानातही इन्सुलिनची ताकद जवळजवळ तशीच राहिल्याचे आढळले. याचा अर्थ इन्सुलिन उन्हात ठेवावे असा नव्हे. पण फ्रिज बंद पडला म्हणून हातातले औषध फेकून देण्याची घाई करू नये, एवढे त्यावरून निश्चित म्हणता येते.

माठाचा उपाय आपल्याकडे सर्वांना ठाऊक आहे. एका मोठ्या मडक्यात लहान मडके ठेवून, मधल्या जागेत ओली वाळू भरून आणि वर ओले फडके झाकून आतले तापमान बाहेरच्यापेक्षा काही अंशांनी कमी राखता येते. ही थंडी पाण्याच्या बाष्पीभवनातून येत असल्याने विदर्भातील कोरड्या उन्हाळ्यात ती चांगली लाभते, तर पूरकाळातील दमट हवेत तिचा उपयोग बराच घटतो. बर्फ मिळालाच तर बाटली त्याला थेट चिकटवून ठेवू नये, कारण एकदा गोठलेले इन्सुलिन वितळले तरी निकामी झालेले असते.

दुसरी अडचण जेवणाच्या वेळेची, आणि ती अनेकदा अधिक घातक असते. इन्सुलिन किंवा सल्फोनिलयुरिया गटातील गोळ्या घेतल्यावर निवाऱ्यातले जेवण दोन तास उशिरा आले, तर रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. घाम, थरथर, छातीत धडधड आणि गोंधळलेपण ही त्याची लक्षणे होत. अशा वेळी रुग्ण शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी आणि पंधरा मिनिटांनी साखर पुन्हा तपासावी. मात्र बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घालू नये. जेवणाबरोबरचा डोस घड्याळावर न ठेवता ताट प्रत्यक्ष पुढे आल्यावर घ्यावा का, हे आपल्या डॉक्टरांना आधीच विचारून ठेवणे शहाणपणाचे ठरते. पायांकडेही लक्ष हवे, कारण मधुमेहाने संवेदना बोथट झालेल्या पायाला पुराच्या पाण्यातली काच लागली तरी कळत नाही.

पूर अचानक येतो, परंतु कित्येक बदल आधीच ठाऊक असतात, आणि त्यांच्यासाठी जुनी वैद्यकपरंपरा एक सूक्ष्म नियम सांगते. वाग्भटाच्या अष्टांगहृदयातील ऋतुचर्येच्या अध्यायात सरत्या ऋतूचा शेवटचा आणि येत्या ऋतूचा पहिला आठवडा मिळून ऋतुसंधी मानली असून, त्या काळात जुना आहारविहार क्रमाक्रमाने सोडून नवा क्रमाक्रमाने अंगीकारावा, असे सांगितले आहे. सवय हळूहळू बसते, हे आधुनिक संशोधनही मान्य करते. लंडनमध्ये फिलिपा लॅली यांनी 96 स्वयंसेवकांवर केलेल्या, 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नवी कृती अंगवळणी पडायला कोणाला 18 तर कोणाला 254 दिवस लागतील, असा अंदाज निघाला. एखाद्या दिवशी ती चुकल्याने मात्र फारसे बिघडले नाही.

ऊसतोड कामगारांचे स्थलांतर हा असाच ठाऊक असलेला बदल होय. बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतील जोडपी, ज्यांना या व्यवसायात कोयता म्हणतात, दिवाळीच्या सुमारास मुकादमाबरोबर गळीत हंगामासाठी निघतात आणि कित्येक महिने फडाजवळच्या कोपीत राहतात. पहाटेच तोडणीला लागणाऱ्या या माणसांना गावच्या आरोग्य केंद्रातून दरमहा मिळणारी रक्तदाबाची वा मधुमेहाची गोळी तिथे कशी मिळणार, याचा विचार निघण्यापूर्वी व्हायला हवा. कोविडच्या साथीत, एप्रिल 2020 मध्ये, केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने अशा आजारांची औषधे तीन महिन्यांपर्यंत एकदम देण्याची सूचना केली होती. तीच सोय दरवर्षी टोळी उचलण्याआधी, औषधाचे नाव आणि मात्रा मराठीत लिहिलेल्या चिठ्ठीसह, या कामगारांना मिळाली, तर उशाच्या पिशवीत बांधलेली ती पुडी आणि पहाटेची भाकरी यांच्याभोवती नवी सवय उभी राहू शकते.