पेशींची पकड सुटते तेव्हा

न्यूझीलंडमधल्या एका माओरी कुटुंबात पिढ्यान्‌पिढ्या तरुण माणसं पोटाच्या कॅन्सरने दगावत होती. कुणी म्हणे शाप, कुणी म्हणे खाण्यातला दोष. कुटुंबाने स्वतःच संशोधकांना गाठलं, आणि 1998 साली ओटागो विद्यापीठातल्या पॅरी गिलफर्ड यांच्या गटाने कारण दाखवून दिलं: सीडीएच1 या जनुकातला बिघाड.

हे जनुक ई-कॅडहेरिन नावाचं प्रथिन बनवतं. जठराच्या अस्तरातल्या पेशी एकमेकींना धरून राहतात त्या बऱ्याच अंशी त्याच्या जोरावर. अशा कुटुंबातल्या काहींमध्ये जनुकाची एक प्रत जन्मतः सदोष असते. पुढे एखाद्या पेशीत दुसरीही निकामी झाली की पकड सुटते. मग पेशी गाठ न करता, विखुरलेल्या ज्वारीच्या दाण्यांसारख्या अस्तराखाली पांगतात. वरचं अस्तर बराच काळ धडधाकट दिसतं. त्यामुळे दुर्बीण टाकूनही आजार हुकू शकतो, आणि कळेपर्यंत तो कधी पोटाच्या आवरणात, कधी बीजांडकोशात पोचलेला असतो.

असा दोष मुलात उतरण्याची शक्यता निम्मी. बायकांना स्तनाच्या कॅन्सरचाही धोका. म्हणून काहीजण आजार होण्याआधीच संपूर्ण जठर काढून घेतात. अन्ननलिका थेट लहान आतड्याला जोडतात. माणूस जेवतो, पण थोडं थोडं, आणि बी-12 जन्मभर घ्यावं लागतं.

पोटाच्या कॅन्सरचे बहुतेक रुग्ण मात्र या गटातले नसतात. तिथे हेलिकोबॅक्टर जिवाणू, तंबाखू, खारवलेलं अन्न यांचा वाटा मोठा. घरात एकाला झाला म्हणून सगळ्यांनी धास्तावू नये; दोघातिघांना, तेही कमी वयात झाला असेल, तर जनुकीय सल्ला जरूर घ्यावा.