‘जाणं’ एक, क्रियापदं चार

प्रागमधल्या एका दवाखान्यात एक चिनी विद्यार्थी सुजलेला गुडघा धरून येतो आणि चेक भाषेत म्हणतो, ‘नेमूझू यीत’, अशी कल्पना करा. त्याला सांगायचं आहे की मला चालता येत नाहीये. वाक्याचा सरळ अर्थ मात्र होतो, मला जाता येणार नाही. चालण्याच्या क्षमतेबद्दल बोलायचं तर ‘नेमूझू खोदित’ हवं होतं. गुडघा समोर दिसत असल्यामुळे डॉक्टर समजून घेतील. हेच वाक्य फोनवरून गेलं, तर पलीकडचा माणूस तपासणीची वेळ रद्द झाली असं समजू शकतो.

चेकमध्ये साध्या ‘जाणे’साठी रोजच्या वापरातली चार क्रियापदं आहेत. पायी, एकदा, एका दिशेने निघालात तर ‘यीत’. पायीच, पण नेहमी जाता किंवा नुसतं चालता तर ‘खोदित’. मूल चालायला लागलं, हे सांगतानाही हेच ‘खोदित’ येतं. वाहनाने एकदा जायचं असेल तर ‘येत’, वाहनाने वारंवार जात असाल तर ‘येझदित’. (मराठी वाचकाला ‘येत’ पाहून ‘येणे’ आठवेल, पण इथे अर्थ जाण्याचाच आहे.) चिनी, म्हणजे मँडरिन बोलणाऱ्याकडे कुठे तरी जाण्यासाठी, पायी असो की वाहनाने, एकदा असो की नेहमी, ‘छ्यू’ हे एकच क्रियापद चालतं. वाहन सांगायचं झालं तर तो ‘आगगाडीत बसून जाणे’ म्हणतो, नेहमीपणा दाखवायचा तर ‘रोज’ हा शब्द जोडतो. क्रियापद जागचं हलत नाही. त्यामुळे चेक शिकताना तो ‘रोज शाळेत’च्या पुढे एकदाच जाण्याचं रूप लावतो आणि प्रागहून सुमारे दोनशे किलोमीटरवरच्या ब्रनोलाही पायीच निघतो. त्यात आणखी एक मेख आहे. गावातल्या गावात, ट्रामने गेलात तरी, चेक माणूस सहसा ‘यीत’च म्हणतो. शिकणाऱ्याने नियम पाठ करावा आणि दाराबाहेर पडताच तो मोडलेला पाहावा, असा प्रकार.

मराठी माणसाने यावर हसू नये. आपलंही ‘जाणे’ पायी की गाडीने ते सांगत नाही. शिवाय ‘तो शाळेत आहे’ आणि ‘तो शाळेत जातो’ या दोन्ही वाक्यांत आपल्याला ‘शाळेत’ चालतं. चेकमध्ये पहिल्यासाठी ‘वे श्कोले’, दुसऱ्यासाठी ‘दो श्कोली’. असणं वेगळं, पोचणं वेगळं.

मग चिनी माणसाला हालचाल वेगळी दिसते का? तसं नाही. हालचाल टिपण्याचं काम मेंदूच्या मागच्या भागातलं एक छोटं क्षेत्र करतं. ते दोन्ही बाजूंना निकामी झालेली एक रुग्ण म्युनिकच्या संशोधकांनी 1983 मध्ये नोंदवली. तिला कपात ओतला जाणारा चहा गोठल्यासारखा दिसे. हे क्षेत्र बीजिंगच्या आणि प्रागच्या माणसात सारखंच काम करतं. फरक पडतो तो तोंड उघडण्याच्या जरा आधी. अमेरिकी मानसभाषाशास्त्रज्ञ डॅन स्लोबिन यांनी याला ‘बोलण्यासाठीचा विचार’ म्हटलं. 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ग्रीक आणि इंग्रजी भाषकांच्या नजरेचा माग घेतला गेला. नुसतं चित्र पाहताना दोघांची नजर सारखीच फिरली. ‘आता वर्णन करायचं आहे’ असं सांगितल्यावर मात्र ज्याची भाषा क्रियापदात जे मागते, तिकडे त्याची नजर आधी वळली. प्रयोग ग्रीक-इंग्रजीचा होता, पण चेक शिकणाऱ्या चिनी माणसाची अडचण त्यातून बरीच उलगडते. शब्द पाठ असूनही त्याला आयत्या वेळी ‘पायी की वाहनाने? एकदा की नेहमी?’ हा प्रश्न सुचत नाही, कारण त्याच्या भाषेने तो क्रियापद निवडताना कधी विचारलेलाच नसतो. त्यात वेदना किंवा थकवा असेल तर जुनी सवय आणखी लवकर डोकं वर काढते.

दुसरी अडचण शब्दांच्या क्रमाची. मुलगा धावत बाहेर गेला, हे चिनीत ‘फाओ-छू-छ्यू’ असं होतं: धावणे, बाहेर पडणे, जाणे. तीन क्रियापदं एकामागून एक, शेवटचं बोलणाऱ्यापासून दूर की जवळ ते सांगणारं. चेक माणूस एका शब्दात ‘विब्येहल’ म्हणून मोकळा होतो. ‘वि’ म्हणजे बाहेर, उरलेलं धावणं. लेनर्ड टॅल्मी यांनी 1985 मध्ये मांडलेल्या वर्गीकरणात चिनी आणि चेक चक्क एकाच गटात बसतात, कारण दोन्हीकडे मार्गाची माहिती मुख्य क्रियापदाला जोडून येते. स्लोबिन यांना ते पटलं नाही. चिनी साखळीतली क्रियापदं समान वजनाची आहेत, तेव्हा तिसरा गट हवा, असं ते म्हणाले. वर्गात शिकणाऱ्याचा अनुभव स्लोबिन यांच्या बाजूने आहे. चिनी माणूस आधी ‘धावला’ म्हणतो आणि मग दिशा जोडायला जातो, तोवर चेकमध्ये दिशा सांगायची वेळ टळून गेलेली असते.

त्यात उच्चाराची भर. ‘विब्येहल’ म्हणजे धावत बाहेर गेला, ‘व्ब्येहल’ म्हणजे धावत आत आला. फरक एका स्वराचा. चिनीत जोडव्यंजनांनी शब्द सुरू होत नाही, म्हणून जीभ सवयीने मध्ये एखादा स्वर घुसवते, आणि आत आलेला माणूस ऐकणाऱ्याच्या कानात बाहेर जाऊ शकतो.

वैद्यकाच्या दृष्टीने सर्वांत नाजूक क्रियापद पडण्याचं आहे. चालता चालता, जमिनीवरच पडलो तर चेकमध्ये ‘उपाद्ल’, कशावरून तरी खाली पडलो तर ‘स्पाद्ल’. चिनीतही हा भेद आहे. तिथे ‘श्वाय-दाओ’ म्हणजे कोलमडून पडणे आणि ‘श्वाय-श्या-लाय’ म्हणजे वरून खाली पडणे. म्हणजे रुग्णाच्या डोक्यात माहिती पूर्ण आहे, फक्त ती क्रियापदाच्या शेपटीला आहे. चेकमध्ये ती डोक्याला लागते, तीही कधी ‘स’ एवढ्याशा व्यंजनात. आधी शिकलेलं ‘उपाद्ल’ सगळीकडे वापरलं गेलं, तर जिन्यावरून गडगडत आलेला माणूस पायरीवर घसरून बसला असं कानावर पडतं. मानेला मार लागल्यावर क्ष-किरण तपासणी करायची की नाही, हे ठरवण्यासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या कॅनेडियन नियमात 3 फूट किंवा 5 पायऱ्यांवरून पडणं हे धोक्याचं मानलं आहे. तपासणी तिथेच फिरते.

औषधांच्या बाबतीतही अशीच फसगत होते. ‘दो’ हा उपसर्ग ‘पर्यंत’ सांगतो, म्हणून पत्र ‘दोशेल’ म्हणजे पत्र पोचलं. पण घरी बसलेला रुग्ण माझी औषधं ‘दोश्ली’ म्हणाला, तर ती पोचलेली नसतात, संपलेली असतात! रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्या चिनी आजोबांच्या नातवाला हे पाठ्यपुस्तकाच्या पहिल्या धड्यात सापडणार नाही.

उपसर्ग यादी करून घोकण्यापेक्षा चित्रफीत दाखवून, बाण काढून आणि तोंडाने आधी दिशा, मग हालचाल वदवून घेणं अधिक उपयोगी ठरेल, असं वरच्या सगळ्यावरून वाटतं. चेकमध्ये जोर शब्दाच्या पहिल्या अवयवावर असतो, तेव्हा ‘वि’, ‘दो’ यांसारखे स्वरयुक्त उपसर्ग कानाला ठळक ऐकू येतात. एकट्या व्यंजनाच्या ‘व’ आणि ‘स’ला ती मदत मिळत नाही, त्यांच्यासाठी वेगळा सराव लागतो.

तोवर अपघात विभागातल्या डॉक्टरने क्रियापदावर विसंबू नये. ‘ओदकुद?’ म्हणजे कुठून, आणि ‘कोलिक स्खोदू?’ म्हणजे किती पायऱ्या, एवढं विचारलं तरी काम होतं. दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तराला क्रियापद लागत नाही. बोटं दाखवली तरी चालतं.