आठशे मेगाहर्ट्झच्या पट्ट्याचे चरित्र

जमीन, जंगल, मीठ, मद्य अशा वस्तूंवर महसूल बसविण्याची कला या देशातील राज्यकर्त्यांना कित्येक पिढ्यांपासून अवगत आहे. परंतु जी वस्तू डोळ्यांना दिसत नाही, कोठारात साठविता येत नाही आणि कितीही वापरली तरी झिजत नाही, तिचे पट्टे पाडून, त्यांच्या सनदा करून आणि त्या लिलावात पुकारून एका उन्हाळ्यात एक लाख कोटी रुपयांहून अधिक रक्कम पदरात पाडण्याचा पराक्रम २०१० साली झाला. अर्थसंकल्पात या बाबीखाली अवघे पस्तीस हजार कोटी धरले होते. ही वस्तू म्हणजे रेडिओ-लहरींचा स्पेक्ट्रम. तिच्यावरील सरकारचा एकाधिकार १८८५ च्या तार कायद्यापासून चालत आलेला होता. लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी १९९५ मध्ये दिला. आणि त्याच वर्षी ३१ जुलै रोजी पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कलकत्त्याहून दिल्लीतील दळणवळण मंत्री सुखराम यांच्याशी मोबाइलवर संभाषण करून या मालमत्तेच्या नव्या व्यापाराचा मुहूर्त केला.

या व्यापाराचा तीस वर्षांचा इतिहास सामान्यतः यंत्रविद्येच्या प्रगतीचा इतिहास म्हणून सांगितला जातो. टूजीनंतर थ्रीजी आली, थ्रीजीनंतर फोरजी, आणि प्रत्येक नव्या पिढीने आपल्या गुणवत्तेच्या बळावर जुनीला हटविले, असा त्या कथेचा सरळ ओघ असतो. दप्तरे आणि बाजारभाव जरा निरखून पाहिले तर निराळेच चित्र दिसते. कोणती बिनतारी पद्धत टिकणार आणि कोणती लयास जाणार याचा निर्णय प्रयोगशाळेत क्वचितच झाला. तो झाला सनदेतील कलमांवर आणि गिऱ्हाइकाच्या हातातील हँडसेटच्या किमतीवर. याचा पडताळा पाहावयाचा असेल, तर आठशे मेगाहर्ट्झच्या एकाच पट्ट्याचे चरित्र पुरेसे आहे.

प्रारंभी हा पट्टा मोबाइलच्या मुख्य बाजारात नव्हताच. सरकारने मोबाइलसाठी युरोपातून आलेली जीएसएम ही पद्धत पत्करली होती आणि तिच्यासाठी नऊशे मेगाहर्ट्झचा पट्टा राखला होता. देशाची मंडळे पाडण्यात आली. मुंबई हे स्वतंत्र मंडळ झाले आणि उर्वरित महाराष्ट्र व गोवा मिळून दुसरे. मुंबईत बीपीएल आणि हचिसन मॅक्स या दोन कंपन्यांना परवाने मिळाले. महाराष्ट्रात ज्यांना मिळाले त्यांत बिर्ला आणि अमेरिकेची एटी अँड टी यांची जोडी होती. पुढे तीत टाटा सामील झाले आणि तिन्ही नावांच्या आद्याक्षरांची जुळणी होऊन लोकांनी त्या कंपनीचे नाव ‘बटाटा’ पाडले. तिचेच पुढे ‘आयडिया’ झाले, हे मराठी वाचकाला मुद्दाम सांगावेसे वाटते. बोलण्याचा दर मिनिटाला १६ रुपये ८० पैशांपर्यंत जाई, आणि दुसऱ्याने केलेला फोन घेण्याचेही पैसे पडत. कंपन्यांनी भरमसाट बोली लावून ठरीव वार्षिक शुल्काचे परवाने घेतले होते; ते शुल्क भरणे अशक्य झाले, तेव्हा १९९९ च्या नव्या दूरसंचार धोरणाने मक्त्याची पद्धत मोडून बटाईची आणली, म्हणजे उत्पन्न होईल त्यातील हिस्सा सरकारने घ्यावा असे ठरले. मोबाइल स्वस्त होण्याची खरी सुरुवात या एका कलमापासून झाली. तोच यंत्रसंच, त्याच लहरी आणि तीच शहरे. बदलली ती वसुलीची रीत.

आता आठशेचा पट्टा. घरगुती दूरध्वनीचा परवाना असलेल्या कंपन्यांना खांब रोवून, रस्ते खणून तार नेण्याच्या खर्चातून सुटका मिळावी म्हणून शेवटचा टप्पा बिनतारी करण्याची मुभा होती, आणि त्यासाठी सीडीएमए ही अमेरिकी पद्धत त्यांना सोयीची वाटली. जानेवारी २००१ मध्ये सरकारने या बिनतारी दूरध्वनीला ‘मर्यादित संचारा’ची परवानगी दिली: ग्राहकाने तो खिशात घालून हिंडावे, मात्र साधारण एका तालुक्याएवढ्या क्षेत्राबाहेर जाऊ नये. लहरींना तालुक्याची सीमा घालण्याचा हा प्रयत्न प्रशासकीय कल्पनाशक्तीचा नमुना म्हणून जतन करण्याजोगा आहे. ज्यांनी जबर रकमा देऊन मोबाइलचे परवाने घेतले होते, त्या जीएसएम कंपन्यांनी हा मागील दाराने झालेला प्रवेश आहे अशी तक्रार केली. प्रकरण दूरसंचार न्यायाधिकरणाकडून सर्वोच्च न्यायालयात आणि तेथून पुन्हा न्यायाधिकरणाकडे असे फिरत राहिले. आणि नोव्हेंबर २००३ मध्ये सरकारने एकीकृत परवान्याची तजवीज करून, शुल्क भरून घेऊन, तो वाद मिटविला. तोवर रिलायन्स इन्फोकॉमने डिसेंबर २००२ मध्ये सीडीएमएचा कारभार मोठ्या थाटात सुरू केला होता आणि २००३ च्या पावसाळ्यात ५०१ रुपयांत हँडसेट हाती ठेवण्याची योजना काढून ज्यांनी मोबाइलचे स्वप्नही पाहिले नव्हते अशा वर्गापर्यंत तो पोहोचविला होता.

गुणवत्तेच्या दृष्टीने पाहता सीडीएमए ही कमअस्सल पद्धत मुळीच नव्हती. जीएसएममध्ये एका वाहक-लहरीवरील वेळेचे आठ तुकडे पाडून संभाषणांना आळीपाळीने जागा दिली जाते. सीडीएमएमध्ये सर्व संभाषणे एकाच वेळी एकाच रुंद पट्ट्यावर सोडली जातात आणि प्रत्येकाला दिलेल्या स्वतंत्र संकेतावरून ग्राहकयंत्र आपले तेवढे वेगळे काढते. त्यामुळे तेवढ्याच स्पेक्ट्रममध्ये अधिक माणसे सामावतात. शिवाय आठशेच्या लहरी दूरवर जातात आणि भिंतींना फारशी दाद देत नाहीत, म्हणून मनोरे कमी लागतात. या गुणांचे पारितोषिक सरकारने कसे दिले? तुमची पद्धत काटकसरीची आहे, तेव्हा तुम्हाला स्पेक्ट्रम कमी पुरेल, असा हिशेब करून जीएसएम कंपन्यांना आरंभी जेथे ४.४ मेगाहर्ट्झची जोडी दिली, तेथे सीडीएमएवाल्यांना अडीचची दिली.

परंतु सीडीएमएचा घात केवळ सरकारने केला असे म्हणणे अन्यायाचे होईल. तिचे खरे वैगुण्य हँडसेटमध्ये होते. जीएसएमच्या योजकांनी ग्राहकाची ओळख एका चिमुकल्या सिमकार्डात ठेवली आणि यंत्र त्यापासून मोकळे सोडले. भारतात आलेल्या बहुतेक सीडीएमए हँडसेटमध्ये सिमच नव्हते. नंबर यंत्रालाच जखडलेला होता. या एका भेदातून दोन निरनिराळे बाजार निर्माण झाले. जीएसएमचा हँडसेट कोठेही घ्यावा, कोणतेही सिम घालावे, वर्षभर वापरून धाकट्या भावाला द्यावा किंवा दुकानात विकून त्यात थोडी भर घालून नवा घ्यावा. त्याच्या दुरुस्तीची, जुन्या मालाची, बॅटरी आणि आवरणांची दुकाने तालुक्याच्या गावी उभी राहिली आणि एका पिढीला रोजगार मिळाला. सीडीएमएचा हँडसेट मात्र कंपनीच्या दुकानातून घ्यावयाचा आणि कंपनी सोडली की तो निरुपयोगी. त्यावर क्वालकॉम या सॅन डिएगोच्या पेटंटधारक कंपनीचे स्वामित्वशुल्क. आणि जगात सीडीएमएचे ग्राहक तुलनेने थोडे, म्हणून हँडसेट बनविणारे थोडे, नमुने थोडे आणि किमतीची घसरण मंद. दुसऱ्या बाजूस २००३ साली आलेला नोकियाचा ११०० हा फोन, ज्याला धुळीपासून जपणारा कळफलक आणि माथ्यावर विजेरी होती, जगभर पंचवीस कोटींहून अधिक खपला. एका पक्षाकडे उत्तम सिद्धांत होता आणि दुसऱ्याकडे पंचवीस कोटी हँडसेट. अशा लढतीचा निकाल सांगावयास ज्योतिषी लागत नाही.

निकाल सीडीएमएच्या धुरीणांनीच सर्वांआधी ओळखला. २००८ च्या अखेरीस रिलायन्स कम्युनिकेशन्सने देशव्यापी जीएसएम सेवा काढली. २००९ च्या जूनमध्ये टाटांनी जपानच्या डोकोमोसह जीएसएम सेवा आणून सेकंदाला एक पैसा हा हिशेब रूढ केला आणि मिनिटाच्या पटीत बिल लावण्याची सर्वांची जुनी सवय मोडली. जानेवारी २०११ पासून नंबर तोच ठेवून कंपनी बदलण्याची सोय देशभर झाली, तेव्हा सिमकार्डाच्या ग्राहकाला दार उघडे झाले. यंत्राला जखडलेल्या ग्राहकाला मात्र त्यासाठी आधी नवा फोन घ्यावा लागे. नोव्हेंबर २०१२ च्या लिलावात आठशेच्या पट्ट्याला एकही बोली आली नाही. पुढे मार्च २०१३ मध्ये राखीव किंमत निम्मी करूनही सिस्टेमा श्याम या एकाच कंपनीने हात वर केला. त्या दिवशी हा पट्टा बाजारातून उठल्यात जमा होता.

येथे थोडे मागे जाऊन २०१० च्या लिलावाकडे पाहणे अवश्य आहे, कारण पट्ट्याच्या पुनर्जन्माचे बीज तेथे आहे. थ्रीजीचा लिलाव चौतीस दिवस आणि १८३ फेऱ्या चालला. साऱ्या देशातील पाच मेगाहर्ट्झच्या जोडीची किंमत सुमारे १६,७५० कोटी रुपयांवर गेली आणि एकट्या मुंबई मंडळाची ३,२४७ कोटींवर. गंमत अशी की, थ्रीजीचा अंतरात्मा संकेत-विभाजनाचाच, म्हणजे बाजारात हरलेल्या सीडीएमएचेच तत्त्व जीएसएमच्या घराण्याने दत्तक घेतलेले होते. परंतु लिलावात रिकामी झालेली तिजोरी दरातून भरून काढण्याची घाई, आणि थ्रीजीचे हँडसेट सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर, यामुळे ही सेवा श्रीमंतांच्या पंगतीतून उठून पुढे गेलीच नाही. तेरा मंडळांसाठी १२,२९५ कोटी मोजणाऱ्या एअरटेलने २०२० च्या सुमारास थ्रीजी गुंडाळली आणि टूजी मात्र चालू ठेवली. धाकटीची उत्तरक्रिया थोरलीने करावी असा प्रकार बिनतारीच्या इतिहासात विरळाच.

थ्रीजीपाठोपाठ झालेल्या ब्रॉडबँडच्या लिलावाकडे त्या वेळी फारसे कोणाचे लक्ष नव्हते. त्या काळी फोरजीसाठी वायमॅक्स की एलटीई असा वाद जगभर चालू होता. वायमॅक्समागे इंटेल होती, आणि बीएसएनएलने तिचा प्रयोगही केला होता. इन्फोटेल ब्रॉडबँड या फारशा परिचित नसलेल्या कंपनीने १२,८४८ कोटींना सर्वच्या सर्व बावीस मंडळे घेतली आणि निकाल लागला त्याच दिवशी मुकेश अंबानी यांच्या रिलायन्स इंडस्ट्रीजने तिचा पंचाण्णव टक्के हिस्सा ४,८०० कोटींना विकत घेतला. क्वालकॉमनेही चार मंडळे घेतली, ती एलटीईचे पारडे जड करण्यासाठीच. एअरटेलनेही एलटीईच निवडली आणि २०१२ साली कोलकात्यात व पाठोपाठ बंगळूर-पुण्यात फोरजी सुरू झाली. वायमॅक्सची चर्चा तेथेच संपली. मात्र या सनदेत आवाजाची, म्हणजे साध्या संभाषणाची मुभा नव्हती. २०१३ मध्ये १,६५८ कोटी भरून ती मिळविण्यात आली. या रकमेची चर्चा अर्थपृष्ठांच्या बाहेर फारशी झाली नाही. तथापि पुढील सर्व उलथापालथ या एका दुरुस्तीवर उभी आहे.

इन्फोटेलचेच पुढे ‘जिओ’ झाले. जिओच्या हाती असलेल्या २३०० मेगाहर्ट्झच्या लहरी डेटा वाहून नेण्यास समर्थ, परंतु भिंतीपाशी दुबळ्या. त्यासाठी खालचा पट्टा हवा होता, आणि तो कोठे होता? धाकट्या बंधूंच्या, अनिल अंबानींच्या रिलायन्स कम्युनिकेशन्सच्या दप्तरी, सीडीएमएच्या अवशेषांत. मार्च २०१५ च्या लिलावात जिओने आठशेचे तुकडे विकत घेतले, जानेवारी २०१६ मध्ये रिलायन्स कम्युनिकेशन्सशी स्पेक्ट्रम वाटून वापरण्याचा करार केला, आणि ५ सप्टेंबर २०१६ रोजी सेवा सुरू झाली तेव्हा जो पट्टा तीन वर्षांपूर्वी निम्म्या किमतीलाही महाग होता, तो देशातील सर्वांत नव्या जाळ्याचा कणा झाला होता. संभाषणही डेटाच्याच रूपाने नेणाऱ्या या जाळ्याला चालतील असे हँडसेट बाजारात थोडे होते. म्हणून कंपनीने स्वतःचे काढले, आणि २०१७ मध्ये १,५०० रुपयांच्या परतीच्या अनामतीवर जिओफोन देऊ केला. सेवा सुरू झाल्यापासून १७० दिवसांतच दहा कोटी ग्राहक झाले होते. एका जीबीला अडीचशे रुपयांच्या आसपास असलेला भाव दहा-पंधरा रुपयांवर आला. सीडीएमएला हरविणारा हँडसेटचा प्रश्न सीडीएमएच्याच पट्ट्यावर असा सोडविला गेला.

ज्यांना परवाना लागत नाही अशा लहरींची हकिकत थोडक्यात सांगता येईल. ब्लूटूथने एका पिढीला गाणी फुकट वाटण्यास शिकविले आणि मग कानातल्या ध्वनियंत्रापुरती आपली जागा पक्की केली. वाय-फायने घरात राज्य केले, परंतु सार्वजनिक जागी ते टिकले नाही: गूगल आणि रेलटेल यांनी जानेवारी २०१६ मध्ये मुंबई सेंट्रलपासून आरंभ करून चारशे स्थानकांवर नेलेली मोफत वाय-फाय सेवा २०२० मध्ये गूगलने सोडून दिली, कारण मोबाइलचा डेटा इतका स्वस्त झाला होता की फुकट मिळणाऱ्या वस्तूचेही आकर्षण उरले नव्हते.

स्वस्ताईची किंमत कंपन्यांनी मोजली. एअरसेल दिवाळखोरीत गेली, रिलायन्स कम्युनिकेशन्सने मोबाइल बंद केला, टाटांचे मोबाइल ग्राहक एअरटेलकडे गेले, व्होडाफोन आणि आयडिया यांना २०१८ मध्ये एकत्र यावे लागले. आणि २०१९ च्या ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने बटाईतील हिस्सा कशावर मोजावा याचा निर्णय सरकारच्या बाजूने दिला, तेव्हा त्या जोड कंपनीचे देणे इतके फुगले की अखेर सरकारलाच तिचे भाग घ्यावे लागले. जुलै २०२४ मध्ये तिन्ही खाजगी कंपन्यांनी काही दिवसांच्या अंतराने दर वाढविले. स्पर्धक तीनच उरल्यावर यात नवल नाही. फाइव्हजीच्या बाबतीत सरकारने एक शहाणपण मात्र दाखविले. सातशे मेगाहर्ट्झचा पट्टा २०१६ आणि २०२१ मध्ये राखीव किमतीच्या ओझ्याखाली विकलाच गेला नव्हता; २०१६ मध्ये मेगाहर्ट्झमागे ११,४८५ कोटी असलेली ती किंमत २०२२ मध्ये ३,९२७ कोटींवर आणली आणि जिओने तो घेतला. सहा वर्षे एक राष्ट्रीय साधन कागदावर पडून राहिले, त्याचा तोटा मात्र कोणत्याही हिशेबात लिहिलेला आढळत नाही.

आता पुढील वाद टूजीचा आहे. जुलै २०२० मध्ये मोबाइलच्या रौप्यमहोत्सवी समारंभात मुकेश अंबानी यांनी टूजी इतिहासजमा करण्यासाठी तातडीने धोरणात्मक पावले उचलावीत असे आवाहन केले. ज्यांच्याकडे टूजीचे जाळेच नाही त्यांनी ते करावे हे व्यापाराला धरून आहे. सरकारने मात्र त्याला रुकार देण्यापूर्वी या चरित्राची पाने चाळावीत. जुलै २०२३ मध्ये ९९९ रुपयांचा फोरजी फोन निघाला खरा, परंतु तो काढणाऱ्याच कंपनीच्या सिमवर चालतो. म्हणजे यंत्राला गिऱ्हाईक जखडण्याची सीडीएमएची जुनी रीत पुन्हा आली आहे. कोणत्याही कंपनीचे सिम चालेल असा फोरजी हँडसेट जोवर त्या किमतीला मिळत नाही, तोवर टूजी बंद करण्याचे फर्मान सरकारने काढू नये.