न्हाणीच्या पाण्यावर फुलणारे अंगण

होळीची राख निवते, गव्हाची कापणी होते आणि घरोघरी पाडव्याची तयारी सुरू होते. जाळ्या काढायच्या, माळ्यावरची भांडी उतरवायची, अंगण सारवायचे. घर सजवावेसे वाटते ते याच दिवसांत. लिंबाला कोवळी पालवी असते, आंब्याला कैऱ्या धरलेल्या असतात, रानात पळस फुललेला असतो.

पण कोरडवाहू गावात वसंत म्हणजे टंचाईचाही काळ. विहिरीचा तळ दिसू लागतो तो याच महिन्यांत. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले, हे आपण विसरलेलो नाही. म्हणून घराभोवती बाग करा असे सांगणाऱ्याने पाणी कोठून आणायचे हे आधी सांगायला हवे.

नोकरीच्या पहिल्या वर्षांत मी ते सांगत नव्हतो. एका गावात पाडव्याच्या सुमारास आम्ही घरोघर गुलाबाची कलमे आणि मोगऱ्याची रोपे वाटली. जूनमध्ये पाहायला गेलो तर बहुतेकांच्या काटक्या झालेल्या. थोडा रागावूनच मी एका आजींना विचारले, "रोपाला पाणी घातले नाही का?" आजी म्हणाल्या, "साहेब, हंडा माझ्या सुनेच्या डोक्यावर येतो. तो प्यायचा की गुलाबाला घालायचा, ते तुम्हीच सांगा." मग त्यांनी मला घरामागे नेले. न्हाणीच्या मोरीपाशी अळूचा वाफा आणि केळीचे बेट भर उन्हाळ्यात हिरवेगार उभे होते. "हे कुणी वाटलं नव्हतं," त्या म्हणाल्या, "आंघोळीचं पाणी जातं तिथं, म्हणून आलंय."

त्या दिवसापासून मी आधी पाणी मोजतो आणि मग झाड सुचवतो. आपणही तसेच करावे. घराच्या शोभेपायी घरातल्या बाईची पाण्याची एकही खेप वाढता कामा नये.

आधी हिशेब

घरात पाच माणसे आहेत आणि प्रत्येकाला आंघोळीला १५ लिटरची एक बादली लागते असे धरा. म्हणजे रोजचे ७५ लिटर पाणी मोरीतून बाहेर जाते. आज ते गल्लीत चिखल करते, डास वाढवते आणि शेजाऱ्यांशी भांडणही लावते. याच पाण्याची वाटणी अशी करता येईल : केळीच्या बेटाला २०, अळूच्या वाफ्याला १५, शेवग्याला १०, पपईला १०, लिंबाच्या लहान झाडाला १० आणि मांडवावरच्या दोन वेलांना मिळून १०. झाले ७५ लिटर. माणसे कमी असतील तर झाडे कमी करावीत. हौसेने जास्त लावून सगळीच सुकवण्यापेक्षा चार झाडे जगलेली बरी.

आंघोळीचे पाणी आणि कपड्यांचे पाणी एक समजू नये. धुण्याच्या पावडरीत सोडियमचे क्षार असतात. ते पाणी एकाच जागी वर्षानुवर्षे मुरले की जमीन चोपण होते, पाणी जिरत नाही आणि झाड पिवळे पडते. कपड्यांचे पाणी शोषखड्ड्यात सोडावे. कडेला कर्दळ लावली तर तीही फुलते.

पाणी गाळून न्यावे

मोरीच्या तोंडाशी दोन फूट लांब, दोन फूट रुंद आणि दोन फूट खोल खड्डा घ्यावा. तळाला विटांचे तुकडे, मध्ये खडी आणि वर जाड वाळूचा चार बोटे थर द्यावा. साबणाची मळी वाळूवर अडते. दर पंधरा दिवसांनी वरची वाळू काढून धुवावी आणि उन्हात वाळवून परत घालावी. खड्ड्याच्या दुसऱ्या बाजूने थोडा उतार देऊन सरी काढावी व तिला फाटे पाडावेत. आज पाणी केळीकडे, उद्या पपईकडे, असे मातीच्या ढेकळाने बारे फिरवता येते. हा खड्डा खणण्याचे आणि सरी ओढण्याचे काम घरातल्या पुरुषांनी करावे. एका सकाळचे काम आहे.

पाणी कोठेही साचून राहू देऊ नये. उन्हाळ्यात आठ-दहा दिवसांत अंड्यापासून डास तयार होतो. म्हणून आठवड्यातून एक दिवस सरी व वाफे पूर्ण कोरडे पडतील असे पाहावे.

या पाण्यावर कोथिंबीर, पुदिना, मुळा अशा कच्च्या खाण्याच्या भाज्या घेऊ नयेत. त्यांना तांदूळ, डाळ व भाजी धुतलेले पाणी घालावे. तेही घरात रोज निघतेच.

कुठे काय लावावे

ज्याला जास्त पाणी सोसते ते मोरीजवळ लावावे, जसे अळू, केळी, कर्दळ. पपई व शेवगा यांच्या बुंध्याशी पाणी तुंबले तर मूळ कुजते. त्यांची जागा सरीच्या टोकाला, जरा उंचवट्यावर ठेवावी. शेवग्याचे लाकूड ठिसूळ, वाऱ्याने फांदी मोडते आणि पावसाळ्यात त्यावर केसाळ अळ्याही येतात. म्हणून घराच्या भिंतीपासून तो दहा फूट तरी दूर असावा. कोकण रुचिरा किंवा पी.के.एम.-१ या जाती चांगल्या. शेंगा तर मिळतातच, पण कोवळ्या पाल्याची भाजी मुलांना व गरोदर बायकांना आवर्जून द्यावी.

झाडांचे खड्डे मात्र आत्ताच खणावेत. ते वैशाखभर उन्हात तापू द्यावेत, मृगाच्या आधी शेणखत व चांगल्या मातीने भरावेत आणि पाऊस लागल्यावर रोप लावावे. मी वाटलेली कलमे मेली त्याचे हेही एक कारण होते. भर चैत्रात कोवळे रोप उघड्यावर लावायला मी सांगितले होते.

आत्ता लावायचे असतील तर वेल लावा. काही भागांत अक्षय्य तृतीयेला आळी करून बी टोकण्याची रीत आहे, ती चांगली आहे. दोडका, घोसाळी, दुधी, कारली यांचे वेल घराच्या पश्चिमेला मांडवावर चढवावेत. दुपारनंतरचे ऊन त्याच भिंतीवर येते. मांडवाला बांबू नसले तर तुराट्या, पऱ्हाट्या चालतात. वेल थेट पत्र्यावर सोडू नये, तापलेल्या पत्र्याने शेंडे करपतात. पत्र्यापासून हातभर अंतर ठेवून मांडव बांधला की वेल वाढतो आणि घरातही गारवा राहतो.

बी टोकताना मधोमध एक मडके पुरावे. पाच-सात लिटरचे साधे मातीचे मडके घ्यावे, तळाला बारीक भोक पाडून त्यात सुती चिंधीची वात घट्ट बसवावी आणि मडके गळ्यापर्यंत जमिनीत गाडावे. त्यात भाजी धुतलेले, साबण नसलेले पाणी भरून वर झाकण ठेवावे. पाणी हळूहळू मुळाशी पाझरते आणि दोन-तीन दिवस पुरते. साबणाच्या पाण्याने मडक्याची छिद्रे बुजतात, हे लक्षात ठेवावे. सगळ्या आळ्यांत पाचट, सोयाबीनचे काड किंवा पालापाचोळा तीन-चार बोटे जाड पसरावा. मात्र खोडापासून वीतभर जागा मोकळी सोडावी, नाहीतर वाळवी लागते.

फुलांसाठी सदाफुली, जास्वंद, गोकर्ण यांना थोडके पाणी पुरते. झेंडूचे बी विकत आणू नका. दसऱ्याच्या तोरणातली वाळलेली फुले ठेवली असतील तर तेच बी वाफ्यात टाका. संकरित फुलाचे बी असले तर मात्र फुले सारखी येत नाहीत. गुरे बांधतो त्या बाजूला कण्हेर लावू नये, तिचा पाला जनावरांना विषारी असतो.

दाराला ओंब्यांचे तोरण

बाजारात प्लॅस्टिकची तोरणे मिळतात. वर्षभरात त्यांचा रंग उडतो आणि शेवटी ती उकिरड्यावर जातात. आपल्या शेतात गहू उभा असताना त्यांची गरज काय? कापणीच्या वेळी दीड वीत दांड्यासह भरदार ओंब्या दोन मुठी निवडून ठेवाव्यात. पाती काढून दांडे अर्धा तास पाण्यात भिजवावेत, ओंब्या कोरड्या ठेवाव्यात. भिजल्यावर दांडा वाकतो, मोडत नाही. पाच-पाच ओंब्यांची जुडी करावी आणि वेणीत पेड घालतो तशी एकेक जुडी सुतळीबरोबर गुंफत जावी. चौकटीएवढी लांबी झाली की टोके बांधून तोरण चार दिवस सावलीत टांगावे. मुलींना एकदा दाखवले की पुढचे त्या स्वतः करतात.

कोकणात आणि मावळात भाताच्या लोंब्यांचे तोरण असेच करतात. ओसरीवर ते लावले की चिमण्या येतात. दाणे संपले की तोरण खतखड्ड्यात टाकावे. गुढीचा कडुलिंबाचा डहाळाही फेकू नये. सावलीत वाळवून त्याचा पाला धान्याच्या कणगीत घालावा.

भिंतीला चुना आणि काव

महागाचा रंग प्रत्येकाला परवडत नाही, आणि मातीच्या भिंतीवर तो टिकतही नाही. कळीचा चुना पाण्यात विरवून रात्रभर ठेवावा. विरताना तो उकळतो, तेव्हा मुलांना दूर ठेवावे आणि डोळे सांभाळावेत. दुसऱ्या दिवशी फडक्याने गाळून त्यात भिजवलेला डिंक व चिमूटभर नीळ घालावी. डिंकामुळे चुना हाताला लागत नाही. खाली हातभर उंचीची कावेची पट्टी ओढली की भिंत उठून दिसते आणि पावसाचे शिंतोडेही झाकले जातात.

पालघर जिल्ह्यातील वारली भगिनी गेरूने सारवलेल्या कुडावर तांदळाच्या पिठाने लग्नाचा चौक काढतात. त्याच कलेतले जिव्या सोमा मशे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. पीठ आणि गेरू यांपलीकडे त्या कलेला सामान लागत नाही. आपल्याकडचे चैत्रांगण तसेच आहे. झोपाळ्यातली गौर, चंद्र-सूर्य, तुळस, शंख, कासव, गाईची पावले हे सगळे घरातल्या वडीलधाऱ्या बाईला येत असेल, तर यंदा नातीला शेजारी बसवून तिच्याकडून काढून घ्यावे. शिकवायचे राहून गेले की ते घरातून जाते.

एक सावधगिरी

जुने डबे, फुटके माठ, गळक्या बादल्या यांच्या कुंड्या चांगल्या होतात. तळाला भोके पाडावीत, बाहेरून चुना-काव लावावी. मात्र कीटकनाशकाचा डबा कितीही धुतला तरी कुंडीसाठी, पाण्यासाठी किंवा दाणे साठवायला वापरू नये. गेल्याच वर्षी एका ओसरीवर अशा रंगीत डब्यात लावलेला पुदिना मी पाहिला. डबा दिसायला सुंदर होता आणि पुदिना रोज चहात पडत होता. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी व शेतमजूर दगावले. ते विष आपल्या हाताने अंगणात आणू नये. रिकामा डबा तीन वेळा धुवून ते पाणी फवारणीच्या पंपातच ओतावे आणि डब्याला भोके पाडून तो निकामी करावा.

आता एवढेच करा. उद्या सकाळी घरात किती बादल्या आंघोळीला लागतात ते मोजा, आणि ते पाणी कोठे जाते ते घरामागे जाऊन पाहा. जिथे चिखल दिसेल तिथेच आपल्या बागेची पहिली जागा आहे. पाडव्याला गुढी उभारण्याआधी तिथे अळूचे चार कंद लावून टाका. हंडा वाहणाऱ्या सुनेला त्यासाठी पुन्हा विहिरीवर जावे लागणार नाही.