मूल आपले, आणि ज्याने दुखावले तेही आपलेच

मे महिन्याची सुट्टी. नानीच्या घरी तिन्ही लेकींची मुले जमलेली. रात्री हॉलमध्ये एका रांगेत गाद्या पडतात आणि सगळी चिल्लीपिल्ली गप्पा मारत झोपी जातात. समजा, तिसऱ्या रात्री आठ वर्षांचा मुलगा अम्मीची ओढणी घट्ट धरून बसतो. "मला तिकडे नाही झोपायचं." बऱ्याच वेळाने तो अडखळत सांगतो, की खालाचा चौदा वर्षांचा मुलगा, ज्याला तो भाईजान म्हणतो, रात्री त्याला नको तिथे हात लावतो. कुणाला सांगितलंस तर तुलाच मार बसेल, असेही त्याने बजावले आहे.

सकाळी मोठ्यांना कळते. नानी म्हणते, "घरातली गोष्ट घरातच राहू दे. पोरं आहेत, विसरतील." अब्बा म्हणतात, "मी त्याचे हातपाय तोडतो." खाला रडत म्हणते, "माझा मुलगा असं करूच शकत नाही." तिघांचेही दुःख खरे आहे. पण त्यांच्या बोलण्यात त्या आठ वर्षांच्या मुलासाठी काहीच नाही. तो दाराआड उभा राहून फक्त एवढेच शिकतो, की खरे बोललो म्हणून घर मोडले.

हे चित्र काल्पनिक आहे, पण दुर्मीळ नाही. केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाच्या २००७ च्या अहवालासाठी १३ राज्यांतील १२,४४७ मुलांशी बोलणे झाले होते. त्यांतील निम्म्याहून अधिक मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक छळ सोसल्याचे सांगितले. बहुतेकांनी तो आधी कुणालाच सांगितलेला नव्हता. आणि सोसणाऱ्यांत मुलगे मुलींपेक्षा कमी नव्हते. म्हणून "मुलाच्या जातीचं काय बिघडतं?" हा प्रश्न मनातून काढून टाकला पाहिजे.

खेळ कोणता, छळ कोणता?

चार-पाच वर्षांची मुले एकमेकांच्या शरीराबद्दल कुतूहल दाखवतात. वय सारखे असते, कुणी घाबरलेले नसते आणि मोठ्यांनी समजावले की ती थांबतात. अशा वेळी आरडाओरड न करता मर्यादा शिकवणे पुरेसे असते.

पण वयात किंवा ताकदीत मोठे अंतर असेल, जबरदस्ती, धमकी किंवा आमिष असेल, "हे आपलं गुपित" अशी अट असेल, नाही म्हटल्यावरही तेच पुन्हा घडत असेल, तर तो खेळ नाही. करणारा स्वतः लहान आहे म्हणून सोसणाऱ्याची भीती लहान होत नाही.

पहिला तास दुखावलेल्या मुलाचा

मूल सांगत असताना आपला चेहरा शांत ठेवा. तीन वाक्ये पुरतात : "बरं झालं मला सांगितलंस." "यात तुझी काही चूक नाही." "आता मी बघते." ओरडला का नाहीस, आधी का बोलला नाहीस, असे विचारू नका. कुणालाच सांगणार नाही, असे वचनही देऊ नका, कारण ते पाळता येणार नाही. मामू, चाचा, नानी यांच्यासमोर त्याला पुन्हा पुन्हा सगळे सांगायला लावू नका. त्याचे शब्द जसेच्या तसे तारखेसह लिहून ठेवा. दोघांना समोरासमोर उभे करून "खरं कोण बोलतंय" असा निवाडा घरात अजिबात करू नका.

आपल्या घरांतली मुले आणखी एक प्रश्न विचारतात, कधी मोठ्याने, कधी मनातल्या मनात : मी नापाक झालो का? अल्लाह माझ्यावर नाराज आहे का? याचे उत्तर ठामपणे द्या. ज्याच्यावर जबरदस्ती झाली त्याच्यावर गुन्हा नाही, आणि अजाण मुलाच्या नावे तर गुन्हा लिहिलाच जात नाही. हे वाक्य त्याला एकदाच नाही, अनेकदा ऐकू द्या.

त्याच दिवशी दोन्ही मुलांना वेगळे करा. यात एक चूक हमखास होते. दुखावलेल्या मुलालाच दुसरीकडे पाठवले जाते आणि त्याला ती शिक्षा वाटते. ज्याने त्रास दिला त्याने दूर जावे. मात्र जिथे जाईल तिथे त्याच्यावर मोठ्यांची नजर हवी आणि लहान मुलांसोबत तो एकटा नको.

घटना ताजी असेल तर कपडे न धुता कागदी पिशवीत ठेवा आणि मुलाला लगेच दवाखान्यात न्या. सरकारी असो वा खासगी, रुग्णालयाने अशा मुलावर प्रथमोपचार मोफत केलेच पाहिजेत. त्यासाठी आधी तक्रार नोंदवण्याची अट घालता येत नाही. एचआयव्हीचा संसर्ग टाळणारी औषधे लागणार असतील तर ती ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात, म्हणून "उद्या बघू" म्हणू नका. मुलीची तपासणी स्त्री डॉक्टरनेच करायची असते.

कायदा काय सांगतो?

२०१२ चा पोक्सो कायदा १८ वर्षांखालील मुलगा आणि मुलगी दोघांनाही संरक्षण देतो. असा गुन्हा कळल्यावर पोलिसांना कळवणे प्रत्येक प्रौढावर बंधनकारक आहे. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. नातेवाईक, शाळा, मदरसा, डॉक्टर, कुणीही यातून सुटत नाही. जमातीच्या बैठकीत माफीनामा लिहून घेतला, तरी ही जबाबदारी संपत नाही.

पोलिसांचे नाव काढले की घरात धडकी भरते. पण कायद्याने मुलाचा विचार केलेला आहे. त्याचा जबाब घरी किंवा त्याला सोयीच्या जागी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता घ्यायचा असतो. आई-वडील किंवा ज्याच्यावर त्याचा विश्वास आहे अशी व्यक्ती सोबत असते. त्याची ओळख प्रसिद्ध करण्यास मनाई आहे. कुठून सुरुवात करावी हे सुचत नसेल, तर १०९८ हा मुलांच्या मदतीचा क्रमांक रात्री-अपरात्रीही लागतो.

आणि त्या चौदा वर्षांच्या मुलाचे काय? त्याला कोठडीत किंवा तुरुंगात टाकता येत नाही. त्याचे प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जाते. तिथे एक न्यायदंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते असतात, त्यांपैकी किमान एक स्त्री असते. समज देणे, समुपदेशन, देखरेखीखाली घरी ठेवणे, गरज पडल्यास विशेष गृह, असे मार्ग मंडळापुढे असतात. १६ ते १८ वयातील अतिगंभीर गुन्ह्यांत तपासणी अधिक कडक असते. सात वर्षांखालील मुलाचे कृत्य कायद्याने गुन्हाच ठरत नाही, पण मदतीची गरज त्यालाही असते.

काही घरांत मुलगी आणि मुलगा थोडे मोठे असले की "निकाह लावून टाकू" असा तोडगा पुढे येतो. हा तोडगा नाही. ज्याची भीती वाटते त्याच्याच हाती मुलीला जन्मभरासाठी सोपवणे आहे.

ज्याच्या हातून घडले त्याचे आई-वडील

कदाचित हा लेख वाचणारी अम्मी त्या खालाच्या जागी असेल. बहीण, तुझ्यावर आलेली वेळ सोपी नाही. पण नाकारून तुझा मुलगा वाचणार नाही. त्याला बेदम मारूनही वाचणार नाही. मार खाल्लेला मुलगा पुढच्या वेळी जास्त लपवतो, एवढेच.

त्याला स्पष्ट सांग : "तू जे केलंस ते फार चुकीचं आहे. ते आजच थांबलं पाहिजे. मी तुला सोडणार नाही, पण झाकणारही नाही." मग शांतपणे शोध घे. हे त्याने कुठे पाहिले? मोबाईलवर? की त्याच्याशीही कुणी असेच वागले होते? अशी काही मुले स्वतः कधीतरी सोसलेली असतात. बालमानसतज्ज्ञाकडे वेळेवर नेले तर वागणे बदलण्याची आशा मोठी असते. टेली मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, तिथे आपल्या भाषेत बोलता येते.

पडदा कशावर टाकायचा?

दुसऱ्याचे दोष झाकावेत ही आपली शिकवण आहे, आणि नानीच्या मनात तीच असते. पण ती शिकवण माणसाच्या स्वतःपुरत्या चुकांसाठी आहे. ज्याने दुसऱ्याला इजा होते तो जुल्म झाकण्यासाठी नाही. सूरह निसाच्या १३५ व्या आयतीत न्यायावर ठाम राहण्याची आज्ञा आहे, मग ती साक्ष स्वतःच्या, आई-वडिलांच्या किंवा नातलगांच्या विरुद्ध का जाईना.

बुखारीतील एक हदीस इथे वाट दाखवते. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी भावाला मदत करण्यास सांगितले, तो जालिम असो की मजलूम. सहाबांनी विचारले, मजलूमला मदत करू, पण जालिमला कशी? उत्तर मिळाले, त्याला जुल्मापासून रोखून. या घरात दोन मुले आहेत आणि दोघांनाही मदत हवी आहे. एकाला जवळ घेऊन, दुसऱ्याला रोखून. क्रम मात्र विसरू नये, मजलूम आधी.

आणि पुढच्या सुट्टीआधी एक काम करता येईल. मुले दहा वर्षांची झाली की त्यांची अंथरुणे वेगळी करा, ही अबू दाऊदमधील हदीस आपण नमाजच्या ताकिदीबरोबर ऐकतो आणि विसरतो. सूरह नूरमध्ये फज्रपूर्वी, दुपारच्या विश्रांतीच्या वेळी आणि इशानंतर आत येण्याआधी परवानगी घ्यायला लहान मुलांनाही शिकवले आहे. याचा अर्थ शरीराची आणि खोलीची मर्यादा ही संकोचाची नव्हे, शिकवण्याची गोष्ट आहे. जागा कमी असेल तरी मध्ये एक मोठे माणूस झोपू शकते. रात्री मोबाईल मोठ्यांच्या उशाशी राहू शकतो. आणि प्रत्येक मुलाला एवढे सांगता येते, की तुला नकोसा स्पर्श कुणीही केला, अगदी भाईजानने, तरी तू ये आणि सांग. मी आधी तुझे ऐकेन.

त्या रात्री ओढणी धरून बसलेल्या मुलाला नेमके हेच हवे होते.