गुबगुबीत दिसणारं लेकरूही कुपोषित असतं

“आमचं पोरगं कसं गुबगुबीत आहे, त्याला कसलं आलं कुपोषण?” अंगणवाडीत वजनाच्या दिवशी हे वाक्य आम्ही नेहमी ऐकतो. कुपोषण म्हणजे मेळघाट, आपल्या वर्धा जिल्ह्यात ते कुठून, असाही समज आहे. पण 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या दर 100 मुलांपैकी 35 मुलं वयाच्या मानाने बुटकी आढळली, आणि सुमारे 26 उंचीच्या मानाने कृश.

बुटकेपण घरात कुणाच्या लक्षात येत नाही. “बापावर गेलं” म्हणून आपण सोडून देतो. पोटात असल्यापासून दोन वर्षांपर्यंत पोषण कमी पडलं की उंची खुंटते आणि ती नंतर सहसा भरून निघत नाही. सुकटी मात्र दिसते: बरगड्या मोजता येतात, ढुंगणाची कातडी लोंबते, तोंड म्हाताऱ्यासारखं होतं.

फसवते ती सुजवटी. दोन्ही पाय आणि चेहरा सुजतो, म्हणून लेकरू भरलेलं वाटतं. केस विरळ, भुरे होतात, कातडीचे पापुद्रे निघतात, लेकरू चिडचिडं आणि मलूल होतं, खात नाही. दोन्ही पायांवर अंगठ्याने थोडा वेळ दाबून पाहा. खड्डा तसाच राहिला तर नजर लागली म्हणून धागा बांधत बसू नका, त्याच दिवशी दवाखान्यात न्या.

कारण फक्त गरिबी नाही. कापूस वेचायला आई पहाटे निघते, लेकरू आजीकडे किंवा मोठ्या बहिणीकडे राहतं. रडलं की चहा-बिस्कीट, नाहीतर पाच रुपयांचं पाकीट. पोट भरतं, अंगाला लागत नाही. त्यात नालीजवळचं पाणी, वरचेवर हगवण. आणि आईच गरोदरपणी उपाशी राबली असेल तर बाळ कमी वजनाचं जन्मतं. बाळंतिणीला पगारी विश्रांती मिळावी म्हणून बाबासाहेब 1928 सालीच मुंबईच्या कायदेमंडळात बोलले होते. आपल्या शेतमजूर बायांना ती अजून कुठे मिळते?

सहा महिने फक्त अंगावरचं दूध, वरून पाणीही नको. त्यानंतर दूध दोन वर्षं चालू ठेवून घट्ट वरण-भात कुस्करून, त्यात चमचाभर तेल. अंडं, मासळी, शेंगदाण्याचा बारीक कूट आणि गूळ, पालेभाजी. आपल्या घरांत अंड्या-मासळीचं सोवळं नाही, मग लेकराच्या ताटात ते शेवटी का? पोट लहान असतं, म्हणून थोडं थोडं पण दिवसातून चार-पाच वेळा द्या. आजीलाही हे सांगून जा.

सहा महिने ते पाच वर्षांच्या लेकराचा दंड अंगणवाडीताई किंवा आशाताईकडून पट्टीने मोजून घ्या. साडेअकरा सेंटीमीटरपेक्षा कमी म्हणजे अतितीव्र कुपोषण, साडेअकरा ते साडेबाराच्या आत म्हणजे मध्यम. दंड साडेअकराच्या खाली आणि सोबत ताप, हगवण, सूज किंवा भूकच नसणं, असं असेल तर घरी दाबून खाऊ घालू नका. अशा लेकराला एकदम जास्त अन्न झेपत नाही. वर्ध्याचं जिल्हा रुग्णालय किंवा सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय इथे बालरोग विभागात दाखवा. भरती करायला सांगितलं तर मजुरी बुडते म्हणून दुसऱ्याच दिवशी परत आणू नका. तेवढे दिवस घरची बाकी लेकरं शेजाऱ्यांनी सांभाळावीत, तेवढी आपली वस्ती नक्कीच एक आहे.